डाग आधी कुठे, मग कसला: जुन्या लेन्सची काच घरी कशी तपासावी

जुलैचा रविवार होता आणि ठाण्याच्या नौपाड्यातली आमची गल्ली घोटाभर पाण्यात होती. मित्राचा मुलगा घोडबंदर रोडवरून स्कूटरवर भिजत आला आणि त्याने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक बोचकं टेबलावर ठेवलं. आत त्याच्या आजोबांचा झेनिट, म्हणजे जुना सोव्हिएत फिल्म कॅमेरा, आणि त्याला लावलेली हेलिओस ४४-२ लेन्स. माळा आवरताना सापडला म्हणे. कॅमेरा माझ्या हातात द्यायच्या आधीच त्याने विचारलं, "काका, आत फंगस लागलीय ना हो? बघा ना, जाळं दिसतंय."

जाळं दिसत होतं खरं. मी म्हटलं, "कसलं ते मग बघू. आधी कुठे आहे ते सांग."

नवीन माणूस गल्लत करतो ती इथेच. डाग दिसला की तो लगेच त्याचं नाव शोधायला लागतो. दोन डाग दिसायला सारखे असू शकतात. त्यातला पृष्ठभागावरचा डाग कारागीर लेन्स उघडून दहा मिनिटांत पुसतो. तोच डाग दोन काचांच्या सांध्यात असला, तर जोडी सोडवून पुन्हा चिकटवावी लागते, आणि पाच-सहा हजारांच्या लेन्ससाठी तो खर्च सहसा कोणी करत नाही. काचेच्या अगदी पोटात असेल तर कोणीच काही करू शकत नाही, आणि बहुतेक वेळा करायची गरजही नसते. म्हणून आधी जागा शोधायची, नाव मागाहून.

मीही हे फुकटात शिकलेलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून अशीच एक हेलिओस घेतली होती, भर दुपारी, रस्त्यावरच्या उजेडात. "थोडी डस्ट आहे साहेब, बाकी क्लीन ग्लास." घरी येऊन रात्री टॉर्च लावला तर आत दूध सांडल्यासारखं दिसत होतं. उन्हात हेझ, म्हणजे काचेवरचा धुकट थर, दिसत नाही, हे त्याला ठाऊक असावं. मला तेव्हा नव्हतं.

तपासणीला बसण्याआधी

फार काही लागत नाही. मोबाइलचा टॉर्च, पांढरा कागद, काळं कापड, हवा मारायचा रबरी ब्लोअर आणि घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं १० पटींचं भिंग. भिंग नसेल तर दुसरी एखादी ५० मिमीची लेन्स घ्या, अ‍ॅपर्चर (आतल्या पात्यांचं छिद्र) पूर्ण उघडा आणि तिच्यातून बघा, साधारण ५ पट मोठं दिसतं. मी कित्येक वर्षं त्यावरच भागवलं.

खोलीत अंधार करता यायला हवा. संध्याकाळी सातनंतर बसलात तर उत्तम.

आपल्या हवेतली एक फसवणूक आधीच सांगून ठेवतो. एसी खोलीतून किंवा एसी लोकलमधून लेन्स बाहेरच्या दमट हवेत आली की काचेवर दव धरतं, आणि ते हुबेहूब हेझसारखं दिसतं. ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून केलेली तपासणी म्हणूनच कामाची नाही. लेन्स बंद पिशवीतच अर्धा-पाऊण तास राहू द्या, खोलीच्या तापमानाला आली की बाहेर काढा. फडक्याने पुसायची घाई नको. दव असेल तर ते आपोआप जातं, खरी हेझ जागची हलत नाही.

मग पुढचं-मागचं झाकण काढा आणि फिल्टरही काढा. हे मुद्दाम का सांगतोय ते पुढे कळेल. बाहेरच्या काचांवरची सुटी धूळ ब्लोअरने उडवा, फोकस अनंतावर ठेवा आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. हेलिओस ४४-२ मध्ये पात्यांची रिंग फिरवली की पाती उघडतात. ज्या एम४२ (आट्यांनी बसणाऱ्या) लेन्सच्या मागे छोटी पिन असते तिच्यात ऑटो-मॅन्युअलचा खटका मॅन्युअलवर टाकून एफ-नंबर सर्वांत लहान करायचा. निकॉन आणि पेंटॅक्स के-माउंटला मागे एक तरफ असते, ती बोटाने हलवायची. कॅननच्या जुन्या एफडीसाठी अ‍ॅडॅप्टर सोबत नेलेला बरा, नुसत्या हाताने ती पाती त्रास देतात. यॅशिका मॅटसारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात खालची लेन्स फोटो काढते, वरची फक्त बघण्यासाठी असते. विकणारा वरचं चकचकीत भिंग दाखवतो. तुम्ही मागचं दार उघडून, शटर बी वर (बटण दाबलंय तोवर उघडं) धरून, खालच्या लेन्समधून बघा.

पहिली पायरी: पांढऱ्या कागदावर

लेन्स पांढऱ्या कागदावर धरा आणि वरून आत बघा. काचेतून दिसणारा कागद आणि बाजूचा कागद यांच्या रंगात फरक आहे का?

चहाच्या पाण्यासारखा पिवळट-तपकिरी रंग दिसला तर दोन शक्यता. काचा चिकटवायला पूर्वी कॅनडा बाल्सम वापरत. उत्तर अमेरिकेतल्या एका सूचिपर्णी झाडाचा हा चीक वयाने पिवळा पडतो. दुसरी शक्यता जास्त रंजक आहे. १९६० च्या आसपास आणि नंतरही काही काळ काही कंपन्या काचेत थोरियम मिसळत, कारण त्याने अपवर्तनांक वाढतो आणि रंग फारसे फाकत नाहीत. थोरियम किरणोत्सारी असतं. त्याच्या किरणांनी काचेच्या रचनेतच बारीक दोष तयार होतात आणि दशकांनंतर ती काच तपकिरी दिसू लागते. पेंटॅक्सच्या सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ ची सात काचांची आवृत्ती यासाठी प्रसिद्ध आहे. त्याआधीच्या आठ काचांच्या आवृत्तीत थोरियम नव्हतं.

थोरियमचा हा पिवळेपणा अतिनील किरणांनी उतरतो. यूव्ही एलईडीखाली काही दिवस ठेवली की काच बरीच निवळते. उन्हानेही होतं, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊन मिळत नाही आणि मे महिन्यात बाल्कनीच्या ग्रिलवर ठेवलेली लेन्स इतकी तापते की आतलं ग्रीस पातळ होऊन काचेवर यायचं. शिवाय दोन्ही झाकणं काढलेली लेन्स उन्हात म्हणजे आग लावायचं भिंग, पडदा जळेल. मी यूव्ही दिवाच वापरतो आणि तो लावलेला असताना त्याच्याकडे बघत नाही. अशी लेन्स कॅमेऱ्यावर वापरायला घाबरण्याचं कारण नाही, फक्त तिची काच घासायची नाही आणि ती डोळ्याला लावायचं भिंग म्हणून वापरायची नाही.

दुसरी पायरी: टॉर्च, पण तिरका

आता दिवे बंद. मागे काळं कापड, लेन्स हातात, टॉर्च मागच्या काचेतून तिरका आत सोडा आणि पुढून बघा. प्रकाशझोत थेट डोळ्यात येता कामा नये. काच स्वतः काळी दिसली पाहिजे आणि तिच्यावर जे काही आहे ते उजळलं पाहिजे. मग उलट करा: टॉर्च पुढून, डोळा मागून. टॉर्चचा कोन हळूहळू बदलत राहा. काही दोष एखाद्याच कोनात पेटतात आणि लगेच विझतात.

पहिल्यांदा हे बघणारा माणूस हादरतो. धुळीचे कण, तंतू, बारीक ठिपके यांची आकाशगंगाच दिसते. हादरू नका. पन्नास वर्षांच्या लेन्समध्ये धूळ नसेल तर ती कोणीतरी नुकतीच उघडलेली आहे, आणि मग मला उलट उघडणाऱ्याच्या हाताची काळजी वाटते. स्क्रूच्या खाचा बोथट झाल्या आहेत का बघा. आतल्या धुळीने फोटोला काही होत नाही. या पायरीवर फक्त दोन गोष्टी टिपायच्या: धुळीपेक्षा वेगळं काय दिसतंय, आणि ते घड्याळातल्या कुठल्या आकड्याच्या जागी आहे.

तिसरी पायरी: डाग कुठे आहे

अर्धं निदान इथेच होतं, म्हणून इथे वेळ काढा.

सुरुवात अ‍ॅपर्चरपासून. पुढून बघत पाती हळूहळू मिटा. पाती मिटल्यावर डाग झाकला गेला तर तो पात्यांमागच्या काचांत, म्हणजे मागच्या गटात आहे. पात्यांच्या पुढे तसाच दिसत राहिला तर पुढच्या. कडेचे डाग मात्र यात फसवू शकतात, म्हणून मागूनही एकदा हेच करा.

मग लेन्स किंचित डावी-उजवी कलवा. जवळची काच आणि दूरची काच वेगवेगळ्या वेगाने सरकतात. चालत्या लोकलच्या खिडकीतून खांब भराभर मागे जातात आणि पारसिकचा डोंगर जागच्या जागी राहतो, तसंच. डाग पुढच्या कडेवरच्या अक्षरांबरोबर सरकत असेल तर तो पुढच्याच काचेवर. पात्यांबरोबर सरकत असेल तर मध्यात कुठेतरी.

भिंग असेल तर आणखी नेमकं कळतं. आधी पुढच्या पृष्ठभागावरच्या धुळीच्या कणावर भिंग स्पष्ट करा, मग डोकं हळूहळू पुढे न्या. एकेक पृष्ठभाग आपापल्या धुळीसह स्पष्ट होत जातो. धूळ नेहमी पृष्ठभागावर असते, त्यामुळे ती मैलाच्या दगडासारखी उपयोगी पडते. डाग धुळीच्याच पातळीवर स्पष्ट झाला तर पृष्ठभागावर आहे. दोन पातळ्यांच्या मधोमध स्पष्ट झाला तर काचेच्या पोटात किंवा सांध्यात.

सांध्याचं प्रकरण उलगडायला ट्यूबलाइट लागते. लेन्स ट्यूबखाली धरा आणि आत दिसणारी ट्यूबची प्रतिबिंबं मोजा. हवा आणि काच जिथे भेटतात तो प्रत्येक पृष्ठभाग एक प्रतिबिंब देतो. लेप (प्रतिबिंब कमी करणारं कोटिंग) नसलेली काच पडणाऱ्या प्रकाशातला सुमारे ४ टक्के परत फेकते, तेही पांढरा. लेप असेल तर प्रतिबिंब मंद आणि निळं, जांभळं किंवा अंबर रंगाचं. चिकटवलेल्या सांध्यात मात्र हवा नसते आणि बाल्समचा अपवर्तनांक काचेच्या जवळपास असतो, म्हणून सांध्याचं प्रतिबिंब जेमतेम जाणवेल इतकं पुसट असतं.

इथे लेन्सचा नकाशा हाताशी हवा. आकृत्या शोधल्या की सापडतात. हेलिओस ४४-२ ही जर्मन झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सवरून केलेली, सहा काचा चार गटांत (इथे सुटी काच किंवा चिकटवलेली जोडी म्हणजे एक गट). म्हणजे आठ ठळक प्रतिबिंबं आणि दोन पुसट. टेसार पद्धतीच्या लेन्समध्ये चार काचा तीन गटांत: सहा ठळक, एक पुसट, आणि तो एकमेव सांधा मागच्या जोडीत. झाइसच्याच पॉल रुडॉल्फने १९०२ मध्ये टेसार आणल्यापासून तिच्या नात्यातल्या सगळ्या लेन्सेस अशाच, यॅशिका मॅट १२४जीवरची लेन्ससुद्धा. मायर डोमिप्लानसारख्या तीन सुट्या काचांच्या ट्रिप्लेटमध्ये तर सांधाच नाही. तेव्हा कोणी डोमिप्लानमध्ये सेपरेशन (सांधा सुटणं) आहे म्हणाला, तर तो डाग दुसरा काहीतरी आहे हे लेन्स न बघताच सांगता येतं.

पुसट असायला हवं ते प्रतिबिंब एखाद्या भागात एकदम चकाकलं, तर तिथे सांध्यात हवा शिरली आहे. सेपरेशन ओळखायची याहून खात्रीची घरगुती रीत मला माहीत नाही. आठही प्रतिबिंबं पहिल्या बैठकीत सापडतीलच असं नाही, काही एकमेकांवर बसतात. लेन्स कलवल्यावर काही एका दिशेला पळतात, काही उलट दिशेला, त्यावरून ती सुटी करता येतात.

मित्राच्या मुलाने हे सगळं केलं. पाती मिटली, जाळं दिसतच राहिलं. लेन्स कलवली, जाळं पुढच्या कडेबरोबर सरकलं, किंबहुना तिच्याही पुढे. "काका, हे तर लेन्सच्या बाहेरच आहे!" ४९ मिमीचा यूव्ही फिल्टर होता, आजोबांनी लावलेला आणि नंतर कोणीच न काढलेला. बुरशी फिल्टरच्या आतल्या बाजूला होती. फिल्टर गंजून बसला होता, रबरी हातमोजा घालून दोघांनी मिळून तो फिरवला. खालची काच स्वच्छ निघाली. म्हणजे जवळजवळ स्वच्छ, ते पुढे येईल.

चौथी पायरी: आता नाव

*बुरशी.* लोणच्याला बुरा येतो तशीच, फक्त हिचे धागे बारीक. एका बिंदूपासून फांद्या फुटत जातात, कधी कोळ्याच्या जाळ्यासारख्या, कधी कापसाच्या पुंजक्यासारख्या, बहुधा कडेकडून मध्याकडे. केस किंवा फडक्याचा तंतू पडला असेल तर त्याला फाटे नसतात. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, त्यांना रुजायला ओल लागते. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की पुरे, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती महिनोन् महिने त्याच्या वर असते. खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांना हे सांगायला नको. खाद्य म्हणून बोटांचे ठसे, धूळ आणि ग्रीसचा अंश चालतो.

बुरशी काच खात नाही, पण ती जे आम्ल सोडते त्याने लेप कोरला जातो आणि पुढे काचही. म्हणून बुरशीचं निदान दोन टप्प्यांत होतं. आधी बुरशी आहे हे कळतं. काच कोरली गेली आहे का, हे ती पुसल्यावरच कळतं. उघडण्यापूर्वी अंदाज बांधायचा तर ट्यूबचं रंगीत प्रतिबिंब त्या जाळ्यावरून हळूहळू फिरवा. धाग्यांच्या जागी प्रतिबिंबाचा रंग तुटत असेल, पांढरा होत असेल, तर लेप बहुधा गेला. "पुसली की शंभर टक्के जाईल" असं न उघडता सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

एका लेन्समधून दुसरीला बुरशी "लागते" का? बीजाणू तसेही सगळीकडे आहेत, खरं कारण ओल. तरी मी बाधलेली लेन्स वेगळ्या डब्यात ठेवतो. तर्काला फार धरून नाही, पण झोप बरी लागते.

*हेझ.* हिला आकार नसतो. कडा नाही, फांद्या नाहीत, सगळीकडे सारखं धुकं, पहाटे येऊरच्या रस्त्यावर असतं तसं. दिवसा आरपार बघितलं तर काच निर्मळ वाटते आणि टॉर्च लावला की दूध. नेहमीचं कारण म्हणजे फोकसच्या आट्यांमधलं जुनं ग्रीस. त्यातलं तेल वर्षानुवर्षं उडत राहतं आणि काचेवर, विशेषतः पात्यांच्या शेजारच्या पृष्ठभागांवर, पातळ थर होऊन बसतं. म्हणून पात्यांवर तेलाची चमक दिसली की हेझ शोधायचीच, आणि हेझ दिसली की पाती खटकन मिटतात का ते बघायचं. दोघी बहिणी आहेत.

माझी ती दूध सांडलेली हेलिओस पुढे फोर्टातल्या बोरा बाजाराकडच्या एका जुन्या कारागिराने उघडून पुसली आणि ती साफ निघाली. ते नशीब. काही लेन्सेसमध्ये थर इतका जुना असतो की खालचा लेप किंवा काचच खराब झालेली असते आणि पुसूनही धुकं राहतं. लायकाच्या सुमारिट ५० मिमी एफ/१.५ सारख्या जुन्या लेन्सेस हेझसाठी बदनाम आहेत. तसलं महाग काही घेत असाल तर हेझला "साफ होईल" न धरता "होणार नाही" असं धरूनच भाव करा.

*सेपरेशन.* सांधा सुटणं. कडेला चंदेरी चंद्रकोर, किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखे इंद्रधनुषी पट्टे, किंवा अमिबासारखा पसरट डाग. पट्टे दिसतात कारण दोन काचांमध्ये हवेचा अतिपातळ थर आलेला असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो. कधी बाल्समच वाळून त्यात कोरड्या नेचासारखी नक्षी उमटते आणि नवीन माणूस तिला बुरशी समजतो. पण हा डाग सांध्याच्या पातळीवर असतो, धुळीच्या नाही. तिसरी पायरी नीट केली असेल तर फसगत होत नाही. कडेला एक-दोन मिलिमीटर असेल तर अ‍ॅपर्चर थोडं मिटलं की फोटोत त्याचा मागमूस राहत नाही. मध्यापर्यंत आलं असेल तर लेन्स ठेवून द्या.

बाकीचं भराभर सांगतो. *बुडबुडे*: काचेच्या पोटात गोल, कडा चकाकणारे, अगदी टाचणीच्या टोकाएवढे. काच ओतताना राहिलेली हवा. जुन्या जर्मन आणि सोव्हिएत लेन्सेसमध्ये सर्रास दिसतात, निरुपद्रवी. *काठावरचे पांढरे ठिपके*: काचेच्या कडेला दिलेला काळा रंग सुटल्यावर दिसतात. श्नायडरच्या लेन्सेसमध्ये इतके आढळतात की लोक त्याला गमतीने श्नायडरायटिस म्हणतात. फोटोवर परिणाम नाही. *ओरखडे*: शर्टाच्या टोकाने पुसल्याच्या बारीक गोल रेघा, टॉर्चखाली भयंकर दिसतात, प्रत्यक्षात उजेडाच्या दिशेने फोटो काढला तरच थोडा कॉन्ट्रास्ट जातो. एकच खोल ओरखडा असेल तर जुने लोक त्यात मॅट काळा रंग भरतात, म्हणजे तो प्रकाश विखुरत नाही. ऐकायला अघोरी, पण काम करतं.

लेपाविषयी मात्र एक गंमत. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये लेपाची पद्धत शोधली, त्याआधीच्या लेन्सेस नागड्या काचेच्या. अशा काचेवर कधी फिकट निळसर झाक दिसते. ती घासून काढायची नाही. तिने लेन्स बिघडत नाही, सुधारते: इंग्लंडमधल्या एच. डेनिस टेलरच्या लक्षात आलं होतं की अशी जुनी, डागाळलेली काच नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश आत सोडते. काच मुद्दाम तशी करण्याचं पेटंटही त्याने १९०४ मध्ये घेतलं.

पाचवी पायरी: तलावपाळीचे दिवे

टेबलावर दिसलेल्या दोषाला फोटोत किती वजन आहे ते आता बघायचं. रात्री तलावपाळीला जा. मासुंदा तलावाच्या पलीकडच्या काठावरचे दिवे या कामाला छान, गडकरी रंगायतनच्या बाजूने उभं राहिलात तर पाण्यातलं प्रतिबिंबही मिळतं.

आधी कॅमेऱ्याशिवाय. लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, पुढची बाजू दूरच्या एकाच दिव्याकडे करा आणि डोळा मागच्या काचेपासून दीड-दोन इंचांवर, मागेपुढे करत आणा. एका जागी अख्खी काच अचानक प्रकाशाने भरून जाते. दिव्याची प्रतिमा तिथे बनते आणि तुमचा डोळा नेमका तिच्यावर आलेला असतो. या उजेडात काचेतल्या लाटा, सांध्याच्या कडा, कोरलेली बुरशी सगळं नकाशासारखं दिसतं. आरसे तपासायला फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने एकोणिसाव्या शतकात जी युक्ती वापरली तिचीच ही गरीब बहीण. सूर्याकडे हे चुकूनही करायचं नाही, डोळा जाईल.

मग मिररलेस कॅमेऱ्यावर अ‍ॅडॅप्टर लावून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, फोकस सर्वांत जवळ आणि त्याच दिव्यांचा फोटो. दिव्यांच्या मोठ्या चकत्या होतील. प्रत्येक चकतीच्या आत लेन्समधल्या दोषांची सावली असते: बुडबुड्याचा गोल, बुरशीचे धागे, ओरखड्याची रेघ. सगळ्या चकत्यांमध्ये तेच चित्र थोडं सरकलेलं दिसलं तर दोष लेन्सचा. एकाच जागी फ्रेमवर चिकटून राहिलं तर सेन्सरचा.

सेन्सरची धूळ लेन्सच्या माथी मारायची चूक फार जण करतात. एफ/१६ वर कोऱ्या आकाशात दिसणारे काळे ठिपके जवळजवळ नेहमी सेन्सरवरचेच असतात. दुसरी लेन्स लावून ठिपके त्याच जागी आले तर लेन्स निर्दोष.

शेवटी हेझसाठी: दिवा फ्रेमच्या जरासा बाहेर ठेवून एक फोटो, मग हाताने तो दिवा झाकून तोच फोटो. पहिल्यात काळा रंग राखाडी झाला आणि दुसऱ्यात परत आला, तर धुक्याचं वजन किती ते तुमच्यासमोर आहे. जुन्या एकपदरी लेपाच्या लेन्समध्ये थोडा फरक पडतोच. शक्य असेल तर तशीच दुसरी, स्वच्छ लेन्स कोणाकडून तरी मागून आणून शेजारी ठेवा.

घ्यायची की नाही

दोष जितका मागच्या काचेजवळ तितका महाग, हा माझा ढोबळ नियम. पुढच्या काचेवरचा टाचणीएवढा खड्डा मी हसत घेतो, मागच्या काचेवरची नखाएवढी हेझ घेत नाही. बुडबुडे, काठाचे ठिपके, धूळ यांसाठी भाव पाडता आला तर जरूर पाडा, पण मनाला लावून घेऊ नका. बुरशी कडेला थोडी असेल आणि लेन्स उघडायला सोपी असेल तर साफसफाईचा खर्च वजा करून बोली करा. मध्यावर असेल तर लेप गेला असं समजूनच. आणि विकणारा टॉर्च लावू देत नसेल तर नमस्कार करून निघा.

घरी आणलेली लेन्स चामड्याच्या जुन्या केसमध्ये ठेवू नका, ते चामडं ओल धरून बसतं. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि काही शे रुपयांत मिळणारा छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. जेलचा रंग बदलला की ती तापवून पुन्हा वापरता येते.

राहिली ती मुलाची हेलिओस. फिल्टर निघाल्यावर टॉर्चखाली मागच्या गटात कडेला, घड्याळात ४ च्या जागी, तीन-चार मिलिमीटरची एक फांदी दिसली. धुळीच्या पातळीवर होती, म्हणजे पृष्ठभागावर. प्रतिबिंबाचा रंग तिथे तुटत नव्हता. लगेच उघडायची का? मी नको म्हटलं. मोबाइलने टॉर्चच्या त्याच कोनातून एक फोटो काढला आणि चिठ्ठीवर लिहिलं: मागचा गट, ४ वाजता, ४ मिमी, तारीख. चिठ्ठी लेन्सबरोबर डब्यात टाकली. दिवाळीनंतर तो पुन्हा येईल, तेव्हा त्याच कोनातून दुसरा फोटो काढू. फांदी लांबली असेल तर बुरशी जिवंत आहे आणि लेन्स फोर्टात न्यायची. तेवढीच असेल तर कोरड्या डब्यात तिची वाढ थांबली आहे, आणि मग या हिवाळ्यात तो येऊरला त्याच लेन्सने फोटो काढू शकतो.